दारातली साक्ष

"शेलारबाई, एक मयत अडून बसलीय तुमच्या शब्दावर. जरा बाहेर या."

सकाळचे साडेआठ वाजले होते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. आदल्या दिवशी पहाटेच्या उपासनेपासून दुपारपर्यंत मी देवळाच्या दारात उभी होते, त्यामुळे पाय टम्म फुगलेले. ते मिठाच्या कोमट पाण्यात घालून जरा बसतेय तोवर फाटकात मकासरे हजर. मकासरे म्हणजे आमच्या देवळाच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी. बँकेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी खिशाला तीन पेनं लावून फिरायचे, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून मोठ्यानं बोलायचे, म्हणजे सगळ्या आळीला कळावं की देवाचं काम चाललंय.

"मयत कुणाची? आणि माझा काय संबंध?" मी तिथूनच ओरडले.

"संबंध आहे म्हणून तर आलो. तुमच्याइतके चेहरे आख्ख्या मंडळीत कुणाला ठाऊक नाहीत."

हे मात्र खरं होतं. निदान मला तेव्हा खरं वाटत होतं. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, आणि तिथं जमणाऱ्या लोकांना मंडळी. आमचं देऊळ दगडी, मिशनच्या काळातलं. त्याच्या मोठ्या दारात दर रविवारी उभं राहायचं, येणाऱ्याला सलाम करायचा, हात मिळवायचा, गीतांचं पुस्तक हातात द्यायचं आणि जागा दाखवायची. या कामाला आमच्याकडे स्वागतसेवा म्हणतात. चौदा वर्षं ती माझ्याकडे होती. शाळेत सदतीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मी. कोण आलं, कोण नाही, कुणाचा मुलगा पुण्याहून आलाय, कुणाच्या सुनेला सातवा लागलाय, सगळं मला दारातच कळायचं. "शेलारबाई दारात आहेत म्हणजे देऊळ उघडंय," असं आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड आढाव, एकदा व्यासपीठावरून म्हणाले होते. ते वाक्य मी आठ दिवस चघळलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण चघळलं होतं.

पाय पुसून बाहेर आले. मकासऱ्यांच्या मागे एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, काळा, अंगावर विटांची तांबडी धूळ. हातात टोपी नुसती पिळत होता.

"हा शिमोन पाटोळे," मकासरे म्हणाले. "नदीकडच्या वीटभट्टीवर असतो. बायको रात्री वारली, सुंदरा. म्हणतो, आम्ही ख्रिस्ती, तिला आपल्या कब्रस्तानात जागा द्या. रजिस्टरात नाव नाही, गावाकडच्या मंडळीचा दाखला नाही. वर म्हणतो, बायको चार वर्षं दर रविवारी उपासनेला येत होती."

"मग?"

"मग नियम तुम्हाला माहीत आहे. नाव नसलं तरी वर्षभर नेमानं येणाऱ्याला जागा देता येते, पण मंडळीतल्या जबाबदार माणसानं तसं सांगायला पाहिजे. दारात तुम्ही असता. सांगा, येत होती?"

मी त्या माणसाकडे पाहिलं. आणि खरं सांगते, मला आधी त्याचाच राग आला. आमचं कब्रस्तान भरत आलेलं. माझ्या नवऱ्याच्या शेजारची जागा मला मिळेल की नाही हे मी दोनदा पाळकसाहेबांना विचारलं होतं. आणि हे लोक? नाताळात केक खायला येतील तेवढंच, नंतर वर्षभर तोंड दाखवणार नाहीत, आणि मेलं की एकदम देऊळ आठवतं! असं नेहमी होत होतं. तसलाच हा एक.

"कुठल्या गावचे तुम्ही?" मी विचारलं.

"पाथर्डीकडचे, बाई. गावाकडं देऊळ व्हतं, ते पडलं. पाळक वारले. दाखला कोन देनार?"

"आणि तुम्ही स्वतः येता का उपासनेला?"

"मला भट्टी सोडता येत न्हाई ऐतवारची. आग असती ना. ती यायची. काल बी आली व्हती."

"काल?" माझा आवाज चढला. "काल ईस्टर होता. चारशे माणसांशी हात मिळवलाय मी काल. पायांची काय दशा झालीय बघा. आणि तुम्ही मला तोंडावर सांगता, ती काल आली होती?"

"व्हय, बाई. उपासनेवरनं आली, भाकर खाल्ली, छातीत दुखतंय म्हनली, आन पडली. रातीला गेली."

"नाव काय म्हणालात?"

"सुंदरा."

मी डोळे मिटून आठवून पाहिलं. शाळेत एका वर्गात चार सुंदरा असायच्या, देवळात एकही नव्हती. "नाही," मी म्हटलं. "अशी कुणी बाई येत नाही. चौदा वर्षं दारात उभी आहे मी, मकासरे. एक चेहरा विसरत नाही. नाही म्हणजे नाही."

माणूस नुसता बघत राहिला.

"लिहून द्याल?" मकासऱ्यांनी कागद काढला. आधीच लिहून आणला होता! 'सदर स्त्रीस आपल्या उपासनेत कधीही पाहिलेले नाही.' खाली सहीपुरती रेघ. मी सही ठोकली. शाळेत प्रगतिपुस्तकावर करायचे तशी, झोकात.

"चला, सुटलो," मकासरे म्हणाले. "नाहीतर उद्या सगळी वीटभट्टी येऊन झोपायची आपल्या कब्रस्तानात." आणि स्कूटरला किक मारून गेले.

माणूस गेला नाही.

मी घरात आले, पाण्यात पाय घातले, पण पाणी गार झालं होतं. खिडकीतून पाहिलं तर हा फाटकाशी तसाच उभा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. उन्हं तापायला लागलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर आणि वर शिरजोर! पदर खोचून बाहेर आले.

"अहो, मी सांगितलं ना? आता इथं उभं राहून काय होणार? घरी मयत ठेवून आलात ना तुम्ही? जा, तिच्याजवळ बसा."

"जातो, बाई," तो म्हणाला. "मालकानं ट्रॉली सांगितलीया चार वाजता. नदीवर नेऊन जाळा म्हनतो, उन्हाचं दिस हायेत. पर ती म्हनली व्हती, मला जाळू नगा, पाळकानं मातीवर प्रार्थना केली पायजे. मी शबूद दिला व्हता. ते जाऊ द्या. मी आता त्यासाठी थांबलो न्हाई."

"मग कशासाठी थांबलात?"

"एक इचारायचं व्हतं. तुमीच दारातल्या बाई ना?"

"म्हणजे?"

"ती दर ऐतवारी घरी आली की सांगायची. दारातल्या बाईंनी आज निळं पातळ नेसलं व्हतं. दारातल्या बाई आज खोकत व्हत्या. दारातल्या बाईंच्या पायाला लई सूज हाये, उभं ऱ्हावत न्हाई, एक पाय दुसऱ्यावर घासत्यात, पर हलत न्हाईत. काल म्हनली, त्यांना एरंडाचा पाला गरम करून बांधाया सांगावं वाटतं, पर कसं सांगू, मागं लोकं उभी असत्यात."

एक पाय दुसऱ्यावर घासायची माझी खोड माझ्या सख्ख्या मुलीलाही माहीत नव्हती.

"आन तुमी तिच्याशी बोलायच्या," तो पुढं म्हणाला. "दर बारीला. पुस्तक दिलं की म्हनायच्या, जाताना टेबलावर ठेवायचं हं, घरी न्यायचं नाही. ती लई खूश व्हायची. तिला वाचता येत न्हवतं, पर पुस्तक शेवटपत्तोर धरून बसायची. म्हनायची, येवढ्या लोकांत बाई मला ध्यानात ठिवून सांगत्यात. म्हनून मला वाटलं, तुमी वळखाल. सायबासमोर तोंड उघडलं न्हाई माजं."

फाटकाचा लोखंडी दांडा मी धरला होता, तो तापलेला होता, तरी हात काढावासा वाटला नाही.

ते वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द माझा. पण ते मी सगळ्यांना म्हणत नव्हते. डॉक्टर गोर्डेंच्या बायकोला कधी म्हटलं नाही, तहसीलदारांना म्हटलं नाही. ज्याचा पदर फाटका, ज्याच्या चपलेला तार बांधलेली, त्यालाच ते वाक्य. दोन वर्षांपूर्वी चार पुस्तकं गेली होती, तेव्हापासून. पुस्तक हातात द्यायचं, ते वाक्य म्हणायचं, आणि म्हणता म्हणता नजर मागच्या माणसाकडे, कारण मागे कुणीतरी मोठं येत असायचं. आणि या बाईनं ते वाक्य घरी नेलं होतं, जपून, जसं काही मी तिला काही दिलंय.

"थांबा," मी म्हटलं. "इथंच थांबा. नाही, इथं उन्हात नको, आत या. ओसरीवर बसा. पाणी प्या." आणि तशीच निघाले. चपला उलटसुलट घातल्यात हे अर्ध्या रस्त्यात कळलं.

पाळकसाहेबांचा बंगला देवळामागेच. रेव्हरंड आढाव आणि मकासरे व्हरांड्यात चहा पीत बसले होते. माझा कागद टीपॉयवर, बशीखाली.

"तो कागद द्या इकडे," मी म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं. ती बाई येत होती."

मकासऱ्यांनी बशी उचलली नाही. "शेलारबाई, साडेआठला 'नाही म्हणजे नाही', आणि साडेनऊला 'होती'? एका तासात असं काय झालं?"

"काय झालं ते माझं मला माहीत. कागद द्या."

"म्हणजे आता आठवली तुम्हाला ती?"

मी कागदासाठी हात पुढं केला.

"बघा साहेब," मकासरे पाळकांकडे वळले. "नवरा रडला असेल, बाईंना दया आली. दया वेगळी, साक्ष वेगळी. बरं, आठवली ना? मग सांगा. कशी होती दिसायला? उंच की बुटकी? काळी की गोरी?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! सावळी, ठेंगणी, कपाळावर गोंदण. वीटभट्टीवरच्या दहा बायकांतल्या नऊ तशाच असतात. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण सकाळी एकदा त्याच जिभेनं शपथेसारखं बोलून झालं होतं.

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

"झालं तर मग." मकासऱ्यांनी चहाचा घोट घेतला.

त्या घोटानं माझं डोकं फिरलं. राग आला की मला आधी दुसरं कुणीतरी लागतं, स्वतःकडे वळायला मला वेळ लागतो. तेव्हाही तसंच झालं. पण त्या दिवशी समोर जे सापडले ते काही निर्दोष नव्हते.

"मकासरे, मी नाही सांगू शकत. आता तुम्ही सांगा."

"मी? मी कुठं दारात असतो?"

"दारात नसता. अर्पणाची थैली घेऊन बाकाबाकावर फिरता. मागच्या बाकापर्यंत जाता, एक माणूस सोडत नाही. चार वर्षं दर रविवारी तिच्या तोंडासमोर थैली धरलीत तुम्ही. काल पण धरलीत. तिनं काही टाकल्याशिवाय पुढं गेला नसाल, तुम्हाला मी ओळखते. सांगा ना! उंच की बुटकी?"

मकासऱ्यांचा कप खाली आला. "हे बघा, तिथं माणसांकडे कोण बघतं? थैलीकडे लक्ष द्यावं लागतं."

"आणि तुम्ही, साहेब?" मी पाळकांकडे वळले. माझा आवाज देवळापर्यंत जात असणार, कारण झाडलोट करणारा गड्डम येऊन पायरीशी उभा राहिला होता. "आशीर्वाद झाला की तुम्ही झगा सावरत दारात येऊन उभे राहता. प्रत्येकाचा हात हातात घेता, 'देव तुमचं भलं करो' म्हणता. तिचाही हात घेतलात ना? विटा थापून घट्टे पडलेला हात असेल. काळी की गोरी, साहेब?"

रेव्हरंड आढाव भला माणूस. भांडण म्हटलं की शेपूट घालायचे, पण खोटं बोलायचे नाहीत. कपाळ चोळत बसले.

"मला वाटतं, शेलारबाई... हिरवी साडी नेसणारी एक..."

"वाटतं नको. सकाळी मलाही वाटलंच होतं."

"नाही," ते म्हणाले. "नाही आठवत."

"म्हणजे मी तिला आत घेतलं, यांनी तिच्याकडून घेतलं, तुम्ही तिला बाहेर सोडलं. चार वर्षं! तिघांत मिळून एक चेहरा नाही आपल्याकडे. आणि साक्ष तिची काढतोय! ती आली नाही म्हणून मी सही करून देते, आणि ती तिकडे नवऱ्याला सांगते की बाईंच्या पायाला सूज आलीय. अहो, आपण तिला पाहिलं नाही, तिनं आपल्याला पाहिलं होतं. ती येत होती याला आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? उभ्या उभ्या एक पाय दुसऱ्यावर घासते मी, हे वीटभट्टीवर कसं पोचलं, सांगा ना!"

बशीखालचा कागद मीच ओढला. चहा सांडला. कागद फाडला आणि तुकडे हातातच राहिले, कारण पाळकांच्या व्हरांड्यात टाकायला सदतीस वर्षांची मास्तरीण धजेना.

पाळकसाहेब म्हणाले, "गड्डम, कब्रस्तानात जा. पूर्वेच्या भिंतीकडे खड्डा घ्यायला सांग."

"साहेब, कमिटीला मी काय तोंड दाखवू?" मकासरे उठून उभे राहिले. "कागद लागेल. उद्या कुणी विचारलं तर?"

"तर दुसरा लिहा. शेलारबाई सही करतील."

मकासऱ्यांनी तिन्हींतलं एक पेन काढून लिहिलं. अक्षर मात्र देखणं त्यांचं. 'सदर स्त्री गेली चार वर्षे नियमित उपासनेस येत असून मी तिला व्यक्तिशः ओळखते.'

"'ओळखते' काढा," मी म्हटलं. "येत होती एवढंच लिहा."

"ओळखत नाही तर येत होती हे कशावरून? असा कागद कमिटीत टिकत नाही, बाई. उगीच अडून बसू नका. तुमच्याच बाजूनं लिहितोय."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते चहा पुसत होते. घड्याळात दहा वाजायला आले होते आणि चार वाजता ट्रॉली येणार होती. मी सही केली. या वेळी झोकात नाही आली.

दुपारी तीनला मयत आली. भट्टीवरची चाळीसेक माणसं, बायका, पोरं, सगळी तांबड्या धुळीची. त्यांतलं ख्रिस्ती कुणी नव्हतं, पण गीत सुरू झालं तशा बायका नुसत्या सुरात सूर मिळवून हुंकारत राहिल्या. मंडळीतून आम्ही पाच माणसं. मकासरे आले होते. हातात छत्री होती, ती त्यांनी आधी स्वतःवर धरली होती, मग शिमोनवर धरली. त्यांनाही आतून काहीतरी लागलं असावं. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल चांगलं काही वाटून घ्यायचं नव्हतं, पण छत्री धरली हे खरं.

गीत झालं, प्रार्थना झाली. मग आमच्याकडे खिळे ठोकायच्या आधी पेटीचं झाकण सरकवतात, तसं सरकवलं. एकेकानं पुढं होऊन शेवटचं बघायचं. भट्टीवरच्या बायका आक्रोश करत पुढं झाल्या आणि मागं सरल्या.

मी मुद्दाम शेवटी गेले. वाटत होतं, बघितलं की लख्ख आठवेल. कुठला तरी रविवार, कुठली तरी साडी, पुस्तक घेणारा हात, काहीतरी येईल डोळ्यांपुढं. चारपाचशे पोरांची नावं मी वीस वर्षांनी रस्त्यात सांगते, हा एक चेहरा का नाही येणार?

वाकून पाहिलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान बाई. उजळ म्हणावी अशी. रुंद कपाळ, डाव्या भुवईत खोक पडल्याचा जुना व्रण, ओठ जरासे उघडे, जसं काही बोलायचं मनात होतं पण मागं माणसं होती. गोंदण बिंदण काही नव्हतं. बरं झालं, मी खोटं वर्णन केलं नाही. तेही चुकलं असतं.

बघितलं, पुन्हा बघितलं. एकही रविवार आठवला नाही. इतका वेळ मी तिथं वाकून उभी राहिले की पाळकसाहेबांनी माझ्या कोपराला हात लावला.

शिमोन पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. त्यानं वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "सुंदरे, दारातल्या बाई आल्यात गं." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याचे डोळे भरले होते.

"आता वळखलं न्हवं, बाई?"

"ओळखलं," मी म्हटलं, आणि त्यांनी झाकण लावलं.